भरितवाले नाना आणि सरकीवाले भाऊ

दुकानदाराचा माल गिऱ्हाइकाला दिसतो, हाताळता येतो, नाही पटला तर परत करता येतो. मी मात्र जन्मभर असा माल विकला, जो गिऱ्हाइकाला कधी दिसला नाही आणि मलाही दिसला नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो. माझा माल होता अणू.

पहिलं गिऱ्हाईक माझे वडीलच. आमचं गाव धुळ्याच्या बाजूचं. वडील दुसऱ्याच्या मळ्यात सालदार होते. त्यांनी आणि मळेवाल्या आबांनी मिळून मला धुळ्याच्या वसतिगृहात ठेवलं, म्हणून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या वर्गाची खिडकीसुद्धा पाहिली नव्हती. निकाल घेऊन घरी आलो, तेव्हा वडील बैलांना पेंड घालत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, ‘‘काय शिकना रे भाऊ?’’

मी सांगितलं, जगातली प्रत्येक वस्तू बारीक बारीक कणांची बनलेली असते, त्या कणाला अणू म्हणतात.

‘‘तो दिसस का तुले?’’

‘‘नही.’’

‘‘मंग तो शे, हाई कोनी सांगं?’’

‘‘पुस्तकमा शे.’’

वडील हसले. ‘‘पुस्तकमा ते बठ्ठंच ऱ्हास.’’

पुस्तकात तर सगळंच असतं! एवढं बोलून ते बैलांकडे वळले. त्यांच्या मनात टोमणा नव्हता, पण मला तो लागला. दिसत नाही, मग आहे हे कशावरून? पुढे इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो ती या एकाच प्रश्नाचं उत्तर देत.

साठचं दशक अर्ध्यावर आलं असताना मला यावलच्या एका शाळेत नोकरी लागली. चहूकडे केळीच्या बागा, उत्तरेला सातपुडा. शाळेला प्रयोगशाळा नव्हती. एक कपाट होतं. त्यात काही परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि मागच्या मास्तरांनी ठेवलेली एक छत्री होती.

त्यामुळे मी बाजारातून शिकवायला लागलो. मूलद्रव्य म्हणजे काय? ज्यातून दुसरं काही वेगळं काढता येत नाही ते. मिठातून दोन वेगळ्या वस्तू निघतात, म्हणून मीठ मूलद्रव्य नाही. गंधकातून गंधकच निघतं. नगीनशेठ मारवाड्यांच्या दुकानातून मी गंधकाचा खडा, तांब्याची तार आणि शिशाचा तुकडा मागून आणत असे. शेठजी हौसेने देत. एकदा मुलांनाच दुकानावर नेलं. आमच्या वर्गातला मुरली, बागाईतदाराचा मुलगा, शेठजींच्या बोटातल्या अंगठीकडे पाहत म्हणाला, ‘‘सर, सोनं बी मूलद्रव्य हाये ना?’’

‘‘शुद्ध असेल तर.’’

‘‘मंग ही अंगठी?’’

शेठजींनी हात हळूच गल्ल्याखाली घेतला. ‘‘मास्तरजी, पोरांना गंधकापर्यंतच ठेवा.’’

मूलद्रव्यं दाखवता येत होती, तिथवर माझं बरं चाललं होतं. अणूपाशी आलो की गाडी रुतायची. पाठ्यपुस्तकात चार शास्त्रज्ञांची चार चित्रं होती. पहिल्याने अणू घट्ट आणि अभेद्य मानला. दुसऱ्याने सांगितलं, नाही, त्यात ऋण भाराचे बारीक कण रुतून बसलेले आहेत. तिसऱ्याने दाखवलं की अणूच्या मध्यभागी एक चिमुकलं, जड केंद्र आहे आणि बाकी जवळजवळ सगळी पोकळी. चौथा म्हणाला, त्या केंद्राभोवतीचे कण हवे तसे फिरत नाहीत, ठरलेल्या कक्षांमध्येच असतात. मुलं ही नावं आणि चित्रं पाठ करत आणि चौथ्याची कक्षा पहिल्याच्या गळ्यात घालत. दुसऱ्याच्या चित्राला तर पुस्तकात एका विलायती गोड पदार्थाची उपमा होती. तो पदार्थ यावलमध्ये मीच खाल्ला नव्हता, मुलं कुठून खाणार?

थंडीचे दिवस होते. आदल्या रविवारी मुरलीच्या मळ्यात भरिताची पार्टी झाली होती. वांगी तुराट्यांवर भाजून लाकडी बडगीत कुटलेली, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात आणि वरून तळलेले शेंगदाणे. वर्गात चित्र काढता काढता मी बोलून गेलो, ‘‘हे बघा, भरितात शेंगदाणे रुतलेले असतात ना, तसे अणूत हे कण.’’

वर्ग एकदम जागा झाला. मुरली म्हणाला, ‘‘म्हंजे हे भरितवाले नाना झाले!’’

आमच्या खान्देशात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. भाऊ, आबा, नाना असं काहीतरी लावावंच लागतं. मुलांनी त्या तासाला शास्त्रज्ञांना घरात घेतलं. अणू गोटीसारखा घट्ट मानणारे ते गोटीवाले आबा. मग भरितवाले नाना. ठरलेल्या कक्षांचं सांगणारे ते पायरीवाले अण्णा, कारण मी समजावलं होतं की जिन्यात पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मधे नाही. त्या दिवसानंतर कोणाची कक्षा कोणाच्या गळ्यात गेली नाही. आबांचं घर वेगळं, अण्णांचं वेगळं.

अडले ते तिसरे. मी बोरातल्या आठळीची उपमा दिली. मुलांनी माना हलवल्या, पण मला माझ्याच वडिलांचा आवाज ऐकू आला. मी प्रयोग सांगितला : त्या शास्त्रज्ञाने सोन्याच्या पातळ पत्र्यावर अतिसूक्ष्म कण सोडले. भरितवाल्या नानांचं खरं असतं तर ते सगळे जवळपास सरळ पार गेले असते. बहुतेक गेलेही. पण एखादा, फार क्वचित, उलटा माघारी आला.

‘‘म्हणून काय झालं?’’ मुरलीने विचारलं.

तेव्हा मुलींच्या बाकावरून शमीम उठली. गफूरचाचा पिंजाऱ्यांची मुलगी. वर्गात फारशी बोलत नसे. म्हणाली, ‘‘सर, हे आमच्या घरी रोज होतं.’’

‘‘काय होतं?’’

‘‘अब्बा कापूस पिंजतात ना, तेव्हा पिंजणाची तात, ती ताणलेली दोरी, कापसातून सुळसुळ जाते. कापूस म्हणजे काय, पोकळच. पण मधेच एखादी सरकी, कापसाचं बी, राहिलेली असली की तात टण्ण करून मागे येते. अब्बा बघतसुद्धा नाहीत. नुसतं म्हणतात, सरकी आहे.’’

मी खडू खाली ठेवला. दिसत नाही, मग आहे कशावरून? तात मागे आली त्यावरून! धुळ्याच्या कॉलेजात हा प्रयोग मी लिहून पास झालो होतो. तो मला समजला मात्र यावलच्या त्या वर्गात. तिसरे शास्त्रज्ञ त्या दिवसापासून सरकीवाले भाऊ झाले.

मग मी मुलांना घेऊन बाहेर आलो आणि म्हटलं, केंद्र म्हणून एक सरकी चावडीपाशी ठेवली, तर त्या मापाने अणूची कड गावाच्या वेशीबाहेर जाईल. मधे सगळं रिकामं. मुरलीने भिंतीवर डोकं टेकवून विचारलं, ‘‘सगळं रिकामं हाये, तर मंग ही भिंत लागते कशी?’’ त्याचं उत्तर मी दिलं, पण ते त्यालाही पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं साधलं नाही. ती रुखरुख अजून आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शाळेत खालच्या वर्गांना सामान्य विज्ञान होतं, पण वरच्या वर्गांना फिजिक्स-केमिस्ट्री हा विषय नव्हता. तो नसेल तर मॅट्रिकनंतर सायन्स कॉलेजचा रस्ता जवळजवळ बंद. ज्यांची ऐपत होती ते मुलांना जळगावला ठेवत. शमीमसाठी मी गफूरचाचांना भेटलो. ते गादी शिवत होते. तोंडातला दोरा काढून म्हणाले, ‘‘मास्तरसाब, पोरगी हुशार आहे, मला माहीत आहे. पण शाळेसाठी जळगावला पाठवणार नाही. एवढीशी पोर, कोणाच्या भरवशावर ठेवू? इथं सायन्स आलं तर शिकू दे. नाही आलं तर जे आहे ते शिकेल.’’

मी म्हटलं, ‘‘येईल चाचा. आम्ही अर्ज केलाय. शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला येणार आहेत.’’

‘‘मग साहेबांना चांगलं काहीतरी दाखवा.’’

दाखवण्यासारखं आमच्याकडे काय होतं? हेडसरांनी कपाटाला रंग दिला आणि छत्री काढून टाकली.

साहेब जळगावहून जीपने आले. उंच, शांत, प्रत्येक वस्तूला बोट लावून पाहणारे. कपाटाला बोट लावलं, ते हिरवं झालं. ते त्यांनी रुमालाला पुसलं. मग वर्गात आले आणि मुरलीला उठवलं.

‘‘अणूचा सिद्धांत पहिल्यांदा कोणी मांडला?’’

मुरली ताठ उभा राहिला. ‘‘गोटीवाल्या आबांनी, सायेब.’’

‘‘कोणी?’’

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं, असं समजून मुरली आणखी मोठ्याने म्हणाला, ‘‘गोटीवाल्या आबांनी! त्यांच्यामागून भरितवाले नाना आले.’’

वर्गात कोणी हसलं नाही. मुलांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. हेडसर उपरण्याने मान पुसू लागले. साहेब माझ्याकडे वळले. ‘‘मास्तर, हा रसायनशास्त्राचा तास आहे की गावकीची बैठक?’’

गोटी, भरीत या उपमा मुलांना कशा समजल्या, ते मी सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. ‘‘तुमचा हेतू मला कळतो. पण बोर्डाच्या पेपरात यांनी ‘भरितवाले नाना’ लिहिलं, तर परीक्षक काय देईल?’’

‘‘शून्य.’’

‘‘मग?’’

साहेबांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. जाताना ते म्हणाले, ‘‘आज इथे रेस्ट हाऊसला मुक्काम आहे. उद्या सकाळी जाता जाता पुन्हा येईन. शास्त्रज्ञांची नावं आली पाहिजेत. नाहीतर या वर्षी परवानगीचं विसरा.’’

जीप गेल्यावर हेडसर म्हणाले, ‘‘भरीत खाऊ घालून झालं. आता पोरांना नावं पाजा.’’

शाळा सुटल्यावर आम्ही बसलो. मी फळ्यावर चार नावं लिहिली. (इथे ती देत नाही. कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहेत, आणि ती आधी सांगितली की पुढचं कोणी ऐकत नाही, हा माझा अनुभव.) तिसरं नाव मुरलीच्या तोंडात मावेना. त्याने ते चाळीसगावच्या एखाद्या आडनावासारखं करून टाकलं. शमीमने विचारलं, ‘‘सर, आबांना आबा म्हटलं तर चूक काय?’’

‘‘चूक नाही. पण पेपर तपासणारा आपल्या आबांना ओळखत नाही.’’

‘‘मग परवानगी नाही मिळाली तर?’’

मी म्हटलं, ‘‘आधी नावं पाठ कर.’’ ती खाली बसली आणि ओठ हलवत पाठ करू लागली. अंधार पडेपर्यंत वर्ग नावं घोकत होता. नुसती नावं आणि सनावळ्या.

सकाळी साहेब आले. खुर्चीवर न बसता फळ्यापाशी उभे राहिले. ‘‘हं. पहिला कोण?’’ मुलांनी नाव सांगितलं. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे खणखणीत आले. मुरलीने तर तिसऱ्याचं नाव इतकं साफ उच्चारलं की हेडसरांनी डोळे मिटले. बहुधा देवाचे आभार मानले असावेत.

‘‘शाब्बास,’’ साहेब म्हणाले. ‘‘आता सांग, या तिसऱ्याने काय केलं?’’

मुरलीने पुन्हा नाव सांगितलं.

‘‘नाव झालं. केलं काय?’’

मुरलीने साल सांगितलं. साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, त्यानेही नाव आणि साल. तिसऱ्याने नुसतं नाव. मग शमीमकडे बोट केलं. ती उभी राहिली आणि पुन्हा कालसारखे ओठ हलवू लागली. काल ज्यांना पुढच्या मागच्या खोल्यांसकट चार घरं माहीत होती, त्यांना आज चार पाट्या तेवढ्या वाचता येत होत्या. मी भिंतीशी उभा होतो. मला एक शब्दही सुचवायची परवानगी नव्हती.

साहेब हळूच म्हणाले, ‘‘काल नावं नव्हती, पण अणू होता. आज नावं आहेत, तर अणू गेला. हेडमास्तर, हे काय झालं?’’

साहेबांनी टेबलावरची टोपी उचलली. तेवढ्यात शमीमचा आवाज आला.

‘‘सायेब, आबा-नाना म्हणून सांगितलं तर चालेल का? खरं नाव मागून जोडते.’’

साहेब थांबले. टोपी हातातच होती. ‘‘जोड.’’

मग ती बोलू लागली. गोटीवाल्या आबांची गोटी सांगितली आणि नाव जोडलं. भरितवाल्या नानांचे शेंगदाणे सांगितले आणि नाव जोडलं. सरकीवाल्या भाऊंपाशी आली तेव्हा तिचे हात आपोआप पिंजणासारखे हलायला लागले. तात कापसातून कशी जाते, कधी माघारी येते, तसेच ते कण सोन्याच्या पत्र्यातून कसे गेले, एखादा कसा उलटा आला. ‘‘म्हणून भाऊ म्हणाले, मधे सरकी आहे.’’ आणि तिने ते अवघड नाव जोडलं.

‘‘सरकी पाहिली का त्यांनी?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘नाही सायेब. माझे अब्बाही बघत नाहीत. तात सांगते.’’

‘‘म्हणजे अणूत खरोखर सरकी असते?’’

इथे पोर ‘हो’ म्हणाली की संपलं.

शमीम म्हणाली, ‘‘नाही. अणू कसा आहे ते कोणाला दिसत नाही. कशासारखा आहे तेवढं सर सांगतात. नवीन काही कळलं की ‘कशासारखा’ बदलतं.’’

साहेबांनी टोपी पुन्हा टेबलावर ठेवली. ‘‘मग तुमचे भरितवाले नाना खोटे ठरले म्हणायचे.’’

‘‘खोटे नाही, सायेब,’’ शमीम जरा दुखावल्यासारखी म्हणाली. ‘‘त्यांच्या हातात पिंजण नव्हतं.’’

साहेब खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. पुन्हा आमच्याकडे वळले तेव्हा चेहरा गंभीर केलेला होता. मला म्हणाले, ‘‘मास्तर, एक शिस्त लावा. नाव पेपरात, आबा मनात.’’

परवानगी आली. सोबत एक अट होती की प्रयोगशाळेची खोली बांधावी. गावाने ती बांधली. नगीनशेठनी काचसामान दिलं, अंगठीबद्दल पुन्हा कोणी काही बोलायचं नाही, या बोलीवर! ‘नाव पेपरात, आबा मनात’ हे आमच्या वर्गाचं ब्रीद झालं. मुरलीने वार्षिक परीक्षेत तरीही ‘भरितवाले नाना (परदेशी)’ असं लिहिलं. मी त्याला अर्धा गुण दिला.

शमीम आमच्याच शाळेतून तो विषय घेऊन मॅट्रिक झाली, चांगल्या गुणांनी. तोवर तिच्या मामांनी जळगावला बिऱ्हाड केलं होतं. गफूरचाचांनी स्वतः पिंजलेल्या कापसाची नवी गादी भरली आणि एस.टी.च्या टपावर टाकून मुलीला कॉलेजात नेऊन सोडलं. स्टँडवर मला म्हणाले, ‘‘मास्तरसाब, या गादीत एक पण सरकी नाही.’’

पुढे एका सुट्टीत ती भेटायला आली. चपला दारात काढताच म्हणाली, ‘‘सर, वाईट बातमी. पायरीवाले अण्णाही गेले.’’

मला क्षणभर खरंच कोणीतरी गेल्यासारखं वाटलं. तिने सांगितलं, आता म्हणे ते कण ठरलेल्या वाटेने फिरतात असंही म्हणता येत नाही. केंद्राभोवती एक ढग मानायचा. दाट तिथे कण सापडण्याचा संभव जास्त, विरळ तिथे कमी. आमच्या वेळी पुस्तकात हा भाग शेवटी होता. प्राध्यापक ‘परीक्षेला येत नाही’ म्हणाले आणि मी तो कधी वाचलाच नाही.

‘‘ढग म्हणजे कसा?’’ मी विचारलं. आता मी विद्यार्थी होतो.

‘‘अब्बांच्या दुकानात पिंजण चालू असताना हवेत कापूस भरतो ना सर, तसा. दिसतो, पण बोट ठेवून इथेच आहे म्हणता येत नाही.’’

‘‘मग यांचं नाव काय ठेवायचं?’’

ती हसली. ‘‘पिंजणवाले अब्बा.’’

सुट्टी संपताच मी वर्गात पाचवं चित्र काढलं आणि खाली हेच नाव लिहिलं. ही शास्त्रज्ञांची रांग सातासमुद्रापार सुरू झाली आणि यावलच्या पिंजारगल्लीत येऊन पोचली, याचा मला आजही अभिमान आहे.

सत्तरचं दशक संपत आलं असताना एकदा भुसावळला काम निघालं. शमीम दीपनगरच्या वीज केंद्रात केमिस्ट झाली आहे, असं ऐकलं होतं. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, हे तिचं काम. पाण्यात क्षार राहिले तर नळ्या खराब होतात, म्हणून तिने होकार दिल्याशिवाय ते पाणी पुढे जात नाही. मी फाटकावर जाऊन तिचं नाव सांगितलं. राखणदाराने रजिस्टर उलटंसुलटं केलं, मान हलवली. ‘‘या नावाचं कोनी नाही, गुरुजी.’’

मी म्हटलं, ‘‘अहो, पाणी तपासतात त्या.’’

त्याचा चेहरा उजळला. ‘‘मंग असं सांगा ना! पानीवाल्या अक्का!’’

शमीमचं वय तेव्हा तिशीच्याही आत होतं. पण आमच्याकडे ज्या बाईचा शब्द मानतात, तिला अक्का म्हणतात. त्यासाठी वय विचारत नाहीत, घरही विचारत नाहीत.

तो पुन्हा रजिस्टर उघडून म्हणाला, ‘‘खरं नाव काय म्हनले तुम्ही? इथं लिहावं लागते.’’

मी नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. त्याने ते लिहून घेतलं आणि आत हाक दिली, ‘‘अक्कांना सांगा रे, त्यांचे सर आलेत!’’